गावची डिश वाऱ्यानंतर बंद : एलएनबी नेऊ, डबा नेऊ की नुसता पाना?

कातळवाट
मंडळी, कुडाळजवळ गावी आई-बाबा असतात, मी पुण्यात. घरी दूरदर्शनची फ्री डिश आहे. साठ सेंटीमीटरची छत्री, मागच्या पडवीच्या चिऱ्याच्या भिंतीला ठोकलेली. गेल्या आठवड्यात रात्री वारा-पाऊस झाला, तेव्हापासून पडद्यावर 'नो सिग्नल'. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला तरी चित्र परत आलं नाही.

बसवणारा माणूस गावातलाच आहे, पण त्याची भातलावणी चालू आहे. मळ्यातून मोकळा झालो की येतो म्हणतो. इकडे आषाढी तोंडावर आली. आईला पहाटे सह्याद्रीवर पंढरपूरची महापूजा बघायची असते, त्यामुळे हल्ली फोनवर माझ्याआधी टीव्हीची चौकशी होते.

शनिवारी जातोय. इथल्या एका दुकानदाराने काहीही न बघता सांगितलं की डबा (सेट-टॉप बॉक्स) गेला, नवा घ्या. बाबांचं मत वेगळं, "डबो कित्याक बदलूक होयो? गेल्या वर्साच तर घेतलो." इथून काय काय घेऊन जाऊ? भर पावसात तिकडे सगळं मिळेलच असं नाही.

आगाऊ_कार्टा
वायफाय घ्या, छत्री भंगारात द्या. २०२५ नंतर डिश कोण लावतं?

कातळवाट
@आगाऊ_कार्टा, आमच्याकडे मोबाइलची रेंज देवळाच्या पायरीवर येते. आईने पहाटे छत्री धरून तिथे बसायचं का? छत्री म्हणजे पावसाची.

तारायंत्र
दूरसंचार खात्यात नोकरी झाली, त्यामुळे असले धागे दिसले की बोटं वळवळतात.

काहीही विकत घेण्याआधी आणि मुख्य म्हणजे छत्रीला हात लावण्याआधी बाबांना डब्याच्या मेनूत जायला सांगा. सेटिंगमध्ये इन्स्टॉलेशन किंवा डिश सेटअप असं काहीतरी असेल. तिथे दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. दोन्हींचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. नव्वद टक्के लोक "सिग्नल नाही" एवढंच सांगतात आणि त्यावरून कुणीच काही ठरवू शकत नाही.

स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून डब्यापर्यंत एकूण किती गोंगाट पोचतोय. यात एलएनबीचा, म्हणजे छत्रीपुढच्या दांडीवर सिग्नल झेलणाऱ्या ठोकळ्याचा, स्वतःचा गोंगाटही धरलेला असतो. छत्री रिकाम्या आभाळाकडे वळवली तरी ही पट्टी बऱ्यापैकी भरलेली दिसते. क्वालिटी म्हणजे त्या गोंगाटातून डब्याला उपग्रहाचे आकडे वाचता येताहेत की नाही.

दोन्ही शून्य असतील तर गडबड केबल, जोडणी, एलएनबी किंवा डब्यात. तिथे छत्री फिरवून काही उपयोग नाही. उलट जमलेली दिशा घालवून बसाल आणि एका रोगाचे दोन होतील.

स्ट्रेंग्थ आहे पण क्वालिटी शून्य, तर डबा एलएनबीला वीज देतोय, एलएनबी जिवंत आहे, केबल धड आहे. मग राहिलं काय? छत्री हलली, समोर काही आडवं आलं, किंवा डब्याच्या सेटिंगमध्ये कुणीतरी बोटं घातली.

दोन्ही पट्ट्या भरलेल्या आणि तरीही चॅनेल नाही, तर बहुतेक वेळा नुसतं पुन्हा स्कॅन करावं लागतं.

आकडे टाका, मग बोलू.

छत्रीवाला
काकांनी बरोबर सांगितलंय. मी हेच काम करतो, चिपळूण भागात. डबा गेलाय का हे बघायचा फुकट उपाय आहे. आपला डबा आणि रिमोट उचला, फ्री डिश असलेल्या शेजाऱ्याकडे न्या, त्याच्या केबलला लावा. चालला तर डब्याचा विषय संपला. गिऱ्हाईक हे आधी करत नाही आणि आमच्या धंद्यातले काही जण करू देत नाहीत.

कातळवाट
बाबांकडून आकडे मिळाले. अर्धा तास गेला, कारण रिमोटवरचं 'मेनू' सापडेपर्यंत टीव्हीची भाषा तमिळ झाली होती. स्ट्रेंग्थ ७२. क्वालिटी शून्य, मधूनच ८ वगैरे दाखवतं आणि परत शून्य. सेटिंगमध्ये एलएनबीपुढे ०९७५०-१०६०० लिहिलंय.

शेजारच्या घरी डबा लावून बघितला. चालतो! बाबा विजयी मुद्रेत.

तारायंत्र
मग नवा डबा नको, नवी एलएनबीही बहुधा नको. ०९७५०-१०६०० ही नोंद बरोबर आहे. फ्री डिशचे सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपास येतात. एवढी वारंवारिता साध्या केबलमधून खाली आणता येत नाही, म्हणून एलएनबी त्यातून ९७५० मेगाहर्ट्झ वजा करते आणि ९५० ते २१५० च्या पट्ट्यात बसवून खाली पाठवते. सेटिंगमध्ये हा आकडा बदलला की डबा भलत्या ठिकाणी शोधत बसतो, पट्ट्यांवर लक्षण मात्र हेच दिसतं. तुमच्याकडे तसं झालेलं नाही.

मधूनच ८ दाखवणं ही चांगली खूण आहे. छत्री फार लांब गेलेली नाही.

शेवंती
छत्री हलली म्हणण्याआधी एलएनबीचं तोंड बघा. सावंतवाडीला आमच्याकडे हेच झालं होतं, वारा नाही, पाऊस नाही, सिग्नल आपोआप खाली खाली येत गेला. माणूस बोलावला तर त्याने एलएनबी बदलायची म्हणून पैसे सांगितले. मी टेबलावर चढून पाहिलं तर कुंभारमाशीने एलएनबीच्या तोंडावर मातीचं घर बांधलेलं. ओल्या फडक्याने पुसलं, झालं काम.

चाकूने खरवडू नका. तोंडावरची प्लास्टिकची टोपी पातळ असते. ती तडकली की आत पाणी शिरतं आणि मग खरंच नवी घ्यावी लागते.

छत्रीवाला
ताई, शंभर टक्के. उन्हाने टोपी ठिसूळ होते, पावसाळ्यात फुटते. त्याची ओळख सांगतो. पाऊस पडतानाच चित्र तुटलं आणि थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आलं, तर तो पावसाचाच परिणाम, दुरुस्तीची गरज नाही. पाऊस थांबून ऊन पडलं, दुपार झाली आणि मग चित्र आलं, तर एलएनबीत किंवा जोडणीत पाणी आहे. उलट, सकाळी ठीक आणि भर उन्हात जातं, तर एलएनबी म्हातारी झाली.

कातळवाट, एक विचारायचं होतं. छत्री चिऱ्यात कशाने धरलीय? फास्टनर की नुसते प्लग-स्क्रू?

कातळवाट
फास्टनर. चार आहेत असं बाबा म्हणतात.

छत्रीवाला
तिथेच घोळ असणार. जांभा चिरा मऊ आणि भोकाभोकांचा. फास्टनर आतून फुलतो तो दगड कडक आहे या भरवशावर. चिऱ्यात तो पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, मग दोन पावसाळ्यांत भोक मोठं होतं. वारा छत्रीला शिडासारखा रेटतो आणि सगळं ब्रॅकेट इवलंसं खाली बसतं. खालून बघितलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही.

तारायंत्र
"इवलंसं" म्हणजे किती ते सांगतो, कारण लोकांचा विश्वास बसत नाही. साठ सेंटीमीटरच्या छत्रीचा झोत या वारंवारितेला तीनेक अंश रुंद. मध्यापासून दीड अंश सरकलात की निम्मी शक्ती गेली. आता छत्रीची कड मध्यापासून तीस सेंटीमीटरवर असते. एक अंश फिरणं म्हणजे कड अर्धा सेंटीमीटर सरकणं. करंगळीच्या नखाएवढं हललं की घरातला टीव्ही बंद.

पूर्वीच्या अँटेनाला हे परवडायचं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं लोक गच्चीवर काठीला अँटेना बांधून "आला का, आला का" ओरडायचे. थोडी दिशा चुकली तर मुंग्या दिसायच्या, पण चित्र दिसायचं. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. काठावर आलात की चौकोनी तुकडे पडतात आणि त्याच्या जरा खाली गेलात की काळोख.

वऱ्हाडी_ठेचा
धाग्यात घुसतो, माफ करा. मी नागपूरचा, पैसे भरायचं डीटीएच आहे. माझे सगळे नाही, अर्धेच चॅनेल गेले भाऊ. काही एकदम झक्कास दिसतात, काहींवर सिग्नलच नाही. पॅक तर भरलेला हाय. कस्टमर केअरवाला म्हणते डिश हलली. डिश हलली तर सगळेच जातील नं?

तारायंत्र
तुमचा प्रश्न कस्टमर केअरपेक्षा शहाणा आहे. बहुतेक एलएनबीत आडवी आणि उभी अशा दोन ध्रुवणांतून (ध्रुवण म्हणजे लाट कुठल्या दिशेने थरथरते ते) निवड करायची असते, आणि ती निवड डबा केबलमधून पाठवलेल्या व्होल्टेजने करतो. १३ व्होल्ट म्हणजे उभं, १८ म्हणजे आडवं. केबल सडली, जोडणी गंजली की वाटेत व्होल्टेज पडतं. डब्याने १८ पाठवले आणि वर १४ च पोचले तर एलएनबी समजते की उभंच मागताहेत. मग आडव्यावरचे सगळे चॅनेल गायब.

मल्टिमीटर असेल तर एलएनबीकडचं टोक काढून मधली तार आणि बाहेरची कडी यांच्यात मोजा. पण एलएनबी सुटी असताना भार नसतो, तेव्हा आकडा धड दिसूनही दोष असू शकतो. आधी मधल्या जोडण्या उघडून बघा. केबलला कुठे जोड मारलाय का?

वऱ्हाडी_ठेचा
हाय नं, खिडकीजवळ. रंगवाल्यानं केबल तोडली होती, मग इलेक्ट्रिशियननं तारा पिळून वरून टेप मारली.

छत्रीवाला
पिळून टेप! ते लाइटच्या वायरला करतात. ही केबल तशी जोडायची नसते. दोन्ही टोकांना एफ कनेक्टर (डिशच्या केबलच्या टोकाला असते ती आट्यांची कडी) आणि मध्ये जॉइंटर टाका, नाहीतर सरळ नवीन आरजी-६ केबल ओढा. मधली तार चाकूने चमकवून घ्या आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागू देऊ नका. लागला तर शॉर्ट.

आगाऊ_कार्टा
झाडाचं कुणीच बोललं नाही. कोकणात झाडं वाढतात म्हणे.

कातळवाट
अरे हो! छत्रीसमोर फणस आहे. या वर्षी बराच फोफावलाय. सहा मीटरवर असेल. तोडायला बाबा तयार होणार नाहीत, आणि मीही.

तारायंत्र
फणसाला अभय द्या, आधी गणित करू. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर. कुडाळहून तो आग्नेयेला दिसतो. उत्तरेपासून मोजलं तर १२७ अंशांच्या आसपास, आणि क्षितिजापासून चांगला ६० अंश वर. म्हणजे झाड छत्रीपासून जितकं लांब, त्याच्या पावणेदोनपट छत्रीहून उंच असेल तरच आडवं येईल. सहा मीटरवरचा फणस छत्रीच्या पातळीपासून साडेदहा मीटर उंच हवा.

छत्री स्वतः तेवढी वर बघताना दिसत नाही. उभ्या भिंतीपासून जेमतेम पस्तीस अंश मागे रेललेली असते, म्हणून लोकांना ती समोरच्या झाडाकडेच बघतेय असं वाटतं. घरगुती छत्र्या ऑफसेट पद्धतीच्या असतात. एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असते आणि लाट वरून येऊन तिच्यावर पडते.

कातळवाट
फणस छत्रीच्या वर फार तर चार-पाच मीटर. सुटला!

तारायंत्र
आग्नेयेलाच आहे ना तेही बघा. भरवशाची कसोटी हवी असेल तर मार्चचा दुसरा आठवडा किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरचा सांधा. त्या दिवसांत सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं चित्र जातं, रोज, लागोपाठ काही दिवस. त्या वेळी छत्रीवर झाडाची सावली असेल तर झाड वाटेत आहे. सावली नसेल तर नाही. दरवर्षी याच दिवसांत लोक मेकॅनिकला बोलावतात आणि तो पोचेपर्यंत टीव्ही चालू झालेला असतो.

छत्रीवाला
आम्ही व्हिजिटचे पैसे घेतो तरी :)

शनिवारसाठी सामान : दहा आणि तेरा नंबरचे पाने, मार्कर, दोन-चार एफ कनेक्टर, रबरासारखी ताणली जाते ती चिकटपट्टी. शिट्टी मारणारा फाइंडर मीटर घेऊ नका. तो कुठल्याही उपग्रहावर शिट्टी मारतो. ९३.५ च्या शेजारी ९५ वर एसईएस-८ आहे, डिश टीव्हीवाला, दीड अंशावर. मीटर आनंदाने ओरडेल आणि तुम्ही चुकीच्या दारात उभे असाल. डब्याची क्वालिटी पट्टी हाच खरा मीटर.

शेवंती
मोबाइलमधलं अॅप चालतं का दिशेला?

छत्रीवाला
अंदाजाला चालतं. फक्त छत्रीच्या लोखंडाजवळ धरून बघू नका, होकायंत्र भरकटतं. चार पावलं लांब उभं राहून आग्नेयेची खूण ठरवा, माडाचा बुंधा, विजेचा खांब, काहीही. मग छत्री त्या खुणेकडे.

तारायंत्र
आणि एलएनबी तिच्या पकडीत फिरलेली नाही ना ते बघा. उपग्रह आपल्या रेखांशापासून बाजूला असला की एलएनबीही तिरकी धरावी लागते. याला स्क्यू म्हणतात. या उपग्रहासाठी नागपुरात तो ३३ अंशांच्या आसपास, कुडाळला पन्नासच्या घरात. म्हणून नागपूरच्या मित्राने पाठवलेला फोटो बघून एलएनबी लावू नका. सैल करण्याआधी पकड आणि एलएनबी दोन्हींवर मिळून मार्करची एक रेघ ओढा.

शेवंती
आणि कौलांवर चढू नका. जुलैत शेवाळ असतं. शिडी जमिनीवर, खाली धरायला माणूस. वीज चमकत असेल तर तो दिवस सोडा आणि डब्यामागची केबलही काढून ठेवा.

कातळवाट
रविवार संध्याकाळ. देवळाच्या पायरीवरून लिहितोय.

छत्रीवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. वरचे दोन फास्टनर हाताने बाहेर आले, मागोमाग लाल भुकटी. छत्री तोंड खाली करून बसली होती. भोकं बुजवून तिथेच ठोकण्यात अर्थ नव्हता, म्हणून जागाच बदलली. विहिरीच्या पंपाचा जुना जीआय पाइप पडून होता. खळ्याच्या कोपऱ्यात खड्डा करून तो सिमेंटमध्ये उभा केला, ओळंब्याने सरळ करून. वर ताडपत्री धरायला दोन चुलतभाऊ. सिमेंट रात्रभर सुकू दिलं. आता छत्री जमिनीवर उभं राहून हाताला येते, शिडीचा प्रश्नच मिटला.

दिशा लावायला बाबा आत पट्टी बघत होते आणि आई दारात उभी राहून आकडे ओरडत होती. आधी उंचीचा बोल्ट अंदाजाने साठच्या खुणेवर आवळला आणि मग छत्री आडवी सरकवत गेलो. पट्टी शून्य, शून्य, मग एकदम ४०. तिथून केसभर इकडे-तिकडे करत ६८. बोल्ट आवळताना ५५ झालं! आवळतानाच छत्री ओढली जाते. मग एकदा डावा, एकदा उजवा असे थोडे थोडे आवळले, ६६ वर थांबलं. ६८ चा हट्ट धरायचा का?

एलएनबीच्या तोंडावर कुंभारमाशीचं घर नव्हतं. त्याऐवजी कोळी होता.

छत्रीवाला
६६ झकास. पण पाइप आहे म्हणजे छत्री पाइपाभोवती गोल फिरू शकते. क्लॅम्पच्या खाली पाइपावर मार्करने रेघ मारून ठेवा. परत वारा आला तर रेघेवर आणायची, बस. वांदर येतात का घराजवळ?

कातळवाट
येतात. कालच एक पाइपाकडे निरखून बघत होता.

छत्रीवाला
मग क्लॅम्पमधून आरपार एक बोल्ट टाका. पाइपाला भोक पाडून. नुसत्या आवळण्यावर वांदर थांबत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
जॉइंट उघडला, तार हिरवी पडली होती. जॉइंटर टाकला, सगळे चॅनेल आले. कस्टमर केअरवाल्यानं आजच फोन केला, डिश हलवायला माणूस पाठवू का म्हणून. म्हटलं पाठव, चहा पाजतो.

शेवंती
जमिनीवर छत्री म्हणजे कोंबड्या आणि पोरं. केबल पाइपातून घेतलीत ना?

कातळवाट
पाइपाच्या आतूनच घेतलीय आणि घरात शिरण्याआधी खाली झोळ ठेवलाय, पाणी तिथे गळून जावं म्हणून. एकच राहिलं. एलएनबीच्या कनेक्टरवर ती ताणायची पट्टी गुंडाळली, पण बाबांनी वरून ग्रीस थापायचं ठरवलंय. थापू देऊ का?

छत्रीवाला
ग्रीस उन्हात वितळून धूळ धरतं आणि पुढच्या वेळी उघडायला कटकट. पट्टी खालून वर गुंडाळलीत ना? खालून वर म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी बाहेरूनच ओघळतं. वरून खाली गुंडाळली असेल तर काढून परत करा. ग्रीस पंपाला लावायला सांगा त्यांना.